सिमेंटला शिव्या नंतर घाला, आधी ड्रममध्ये डोकवा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात मध्ये एका वाचकाचं पत्र आलेलं, नवीन घर बांधून फार पावसाळे झाले नाहीत तोच स्लॅब पाझरायला लागला, हल्ली सिमेंटात दम राहिलेला नाही वगैरे. त्याच्यावर मग अजून कोणी लिहिलं की दोष रेतीचा, नदीची रेती मिळत नाही म्हणून लोक क्रश सँड म्हणजे दगड फोडून केलेली रेती घालतात आणि मग हे असं होतं. मी सगळं वाचलं. सिमेंटचं नाव आलं, रेतीचं आलं, सळीचं आलं, कामगारांचं तर आलंच आलं, पण हे सगळं जिथे एकत्र होतं त्या काँक्रीट मिक्सरचं नाव कोणी काढलं नाही, म्हणून हे पत्र. जरा लांबेल, छापताना कापायचं तर शेवटून कापा.

माझा धंदाच तो. डिचोलीच्या बाजूला वेल्डिंग-फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे आणि त्यातलं बरंचसं काम मिक्सर दुरुस्तीचं, शिगमा संपला की जे सुरू होतं ते मृग लागेपर्यंत जेवायला फुरसत नसते, कारण गोव्यात ज्याला त्याला स्लॅब पावसाच्या आधी मारायचा असतो. साखळी, वाळपई, पेडणे, कुठून कुठून टेम्पोच्या मागे बांधून मिक्सर ओढत आणतात. इंजिन सुरू होत नाही, हॉपर म्हणजे ड्रममध्ये माल ओतणारा डबा वर जात नाही, बेल्ट तुटला, बेअरिंग वाजतं, अशा तक्रारी असतात. ड्रमच्या आतले ब्लेड झिजले म्हणून स्वतःहून मिक्सर घेऊन येणारा विरळाच. ते मी टॉर्च मारून दाखवतो आणि उत्तर ठरलेलं, "राहू दे मेस्ता, ड्रम फिरतो ना, ब्लेडचं पावसानंतर बघू." पावसानंतर कोण येतो.

ड्रम फिरणं आणि काँक्रीट मिक्स होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हेच लोकांना माहीत नसतं. नुसता गुळगुळीत ड्रम फिरवला तर माल तळाशी घसरत राहील, थोडा वर चढेल परत खाली सरकेल, बस्स. काम करतात ते आत वेल्ड केलेले किंवा बोल्टने बसवलेले ब्लेड. ब्लेड माल उचलतो, वर नेतो आणि वरून खाली टाकतो, आणि तो सरळ बसवलेला नसतो, तिरका असतो, त्यामुळे माल पडताना नुसता खाली पडत नाही तर मागचा पुढे आणि पुढचा मागे असाही सरकतो. मोठ्या पातेल्यात चिवडा कालवताना आपण पातेलं गरगर फिरवत नाही, तळातलं वर काढतो आणि कडेचं मध्ये आणतो, तसं. म्हणजे मिक्सर ताकद लावून मिक्स करत नाही, तो फक्त माल उचलून देतो, पुढचं काम मालाचं स्वतःचं वजन करतं. ब्लेड झिजून बुटका झाला की तो उचलायचंच सोडतो. बाहेरून काही कळत नाही, आवाज तोच, धूर तोच, ड्रम फिरतोय, पण आत माल नुसता लोळतोय.

हल्लीच एक १०/७ चा मिक्सर आला. बाहेरून ताजा पिवळा रंग मारलेला, रंग मारायला मात्र कोणी विसरत नाही. आत बघितलं तर ब्लेडची कड कागद कापेल एवढी पातळ झालेली, एका ब्लेडचा तर निम्मा तुकडाच गायब, आणि ड्रमच्या मागच्या निमुळत्या भागाकडे जिथे ब्लेड पत्र्याला मिळतो त्या कोपऱ्यात जुनं काँक्रीट थरावर थर बसून दगड झालेला. म्हणजे कोपरा भरून गेला, ब्लेडची उंची वरून झिजली आणि खालून बुजली, राहिलं काय? ड्रमच्या बाहेरून हातोड्याचे पोचेच पोचे. रोज संध्याकाळी नीट धुवायचं नाही आणि मग सुकलेलं काढायला बाहेरून हातोडे मारायचे, त्याने पत्रा आत दबतो आणि त्या खळग्यात उद्याचं काँक्रीट आणखी घट्ट बसतं. खरं तर शेवटची बॅच काढली की थोडी खडी आणि पाणी टाकून ड्रम काही मिनिटं फिरवायचा, खडीच आतून सगळं खरवडून काढते. फुकटचं काम आहे, पण तोपर्यंत सगळ्यांना घरी जायची घाई झालेली असते.

आता हे १०/७ काय ते सांगतो, कारण भाड्याने मिक्सर घेणारे बहुतेक लोक हा आकडा नुसता ऐकून असतात. दहा घनफूट सुका माल आत घ्यायचा आणि सात घनफूट ओलं काँक्रीट बाहेर, असा त्याचा अर्थ. दहा घनफूट म्हणजे साधारण २८३ लिटर, सात म्हणजे २०० लिटरच्या आसपास. सुक्या खडीत ज्या पोकळ्या असतात त्यात रेती जाऊन बसते, रेतीच्या पोकळ्यांत सिमेंट आणि पाणी, म्हणून दहाचे सात होतात, माल कुठे चोरीला जात नाही. ५० किलोच्या सिमेंटच्या गोणीचं माप साधारण ३५ लिटर. एम-२० या ग्रेडच्या काँक्रीटचं सिमेंट, रेती, खडी १ : १.५ : ३ असं प्रमाण धरलं तर एका गोणीला रेती साडेबावन्न लिटर आणि खडी १०५ लिटर, एकूण १९० च्या वर थोडं. म्हणजे एका गोणीची बॅच यात आरामात बसते. दोन गोण्यांची केली तर ३८५ लिटर होतात, ती बसत नाही. पण साइटवर बघा, घाई असली की दोन गोण्यांचा माल सर्रास कोंबतात. मग ड्रमच्या तोंडातून सिमेंटचा लगदा बाहेर सांडतो, आणि जे आत राहतं त्याला पडायला जागाच राहत नाही, जागा नाही तर मिक्स कसं होणार, सगळा ढीग एकत्र फिरतो. क्षमतेपेक्षा दहा टक्के जास्त इथपर्यंत ठीक, त्याच्या पुढे मिक्सरवरही अन्याय आणि स्लॅबवरही.

स्पीडचं पण असंच. लोकांना वाटतं ड्रम जोरात फिरवला की लवकर मिक्स होतं. मोसमात माझ्याकडे पुली बदलून द्या म्हणून येणारे असतात, इंजिनला मोठी पुली लावायची म्हणजे ड्रम पळतो. मी देत नाही, भांडण झालं तरी चालेल. एक मीटर व्यासाचा ड्रम मिनिटाला ४२ फेऱ्यांच्या आसपास गेला की माल भिंतीला चिकटूनच फिरत राहतो, वर जाऊनही खाली पडत नाही. हा हिशेब व्यासावर ठरतो, आत गोटे असोत नाहीतर काँक्रीट. त्याच्या बरंच आधीपासूनच माल नीट पडायचा बंद होतो. म्हणून हे मिक्सर साधारण १५ ते २० फेऱ्यांवर ठेवलेले असतात, बनवणाऱ्याला जोरात फिरवता येत नव्हतं म्हणून नाही. उलटंही होतं, बेल्ट ढिला असला की रिकामा ड्रम मस्त फिरतो आणि माल पडला की बेल्ट घसरतो, ड्रम निम्म्या स्पीडने रेंगाळतो. तपासायला इंजिनियर लागत नाही. ड्रमवर खडूने एक रेघ मारा, मोबाईलवर एक मिनिट लावा आणि फेऱ्या मोजा, रिकामा असताना एकदा आणि भरलेला असताना एकदा.

तीन फेजच्या मोटरवर चालणाऱ्या मिक्सरला अजून एक गंमत असते. नवीन जागी लाईन जोडताना दोन फेज इकडच्या तिकडे झाले की मोटर उलटी फिरते. साध्या तिरप्या ड्रमच्या मिक्सरला त्याने ब्लेडचा तिरकेपणा उलटा पडतो आणि माल नीट कालवला जात नाही. आणि ज्या मिक्सरमध्ये ड्रम एकीकडे फिरवला की मिक्स आणि उलटा फिरवला की माल बाहेर अशी रचना असते, त्याचं तर सगळंच उलटं होतं, मिक्स करायचं बटन दाबलं की माल पायावर. बहुतेक मिक्सरच्या ड्रमवर बाण रंगवलेला असतो, तो नवीन रंगाखाली गेला नसेल तर बघून घ्यावा.

वेळ. आपल्याकडे काँक्रीटसाठी जो भारतीय मानक आहे, आयएस ४५६, त्यात साध्या मिक्सरला सगळा माल आत पडल्यापासून किमान दोन मिनिटं मिक्सिंग सांगितलंय. वरच्या स्पीडने दोन मिनिटं म्हणजे तीस-चाळीस फेऱ्या, आणि चांगल्या ड्रममध्ये रंग एकसारखा यायला पंचवीस-तीस तरी लागतातच. साइटवर प्रत्यक्षात किती देतात ते कोणीही उभं राहून बघावं. माल आत, पाणी आत, ड्रममध्ये काळपट ओलं दिसलं की हँडव्हील फिरवून ओतायला सुरुवात. यात कामगारांना दोष द्यायची माझी तयारी नाही. काम उक्तं घेतलेलं असतं, स्लॅबवर पैसे, तासावर नाही, वर लिफ्ट रिकामी थांबली की मुकादम खालून ओरडतो, आणि ऊन असं की उभं राहवत नाही. दोन मिनिटं पाळायची असतील तर ती ठरवताना धरली पाहिजेत, स्लॅबच्या दिवशी ओरडून मिळत नाहीत. एका कंत्राटदाराला मी हे बोललो तर तो म्हणाला, तू मिक्सर दुरुस्त कर, काँक्रीट मला शिकवू नको. बरं, नाही शिकवत.

माल कुठल्या क्रमाने टाकायचा यालाही शास्त्र आहे. हॉपरमध्ये आधी निम्मी खडी, तिच्यावर निम्मी रेती, मग सिमेंट, मग उरलेली खडी आणि वर उरलेली रेती. सिमेंट मध्ये दडलं की हॉपर उचलताना ते वाऱ्यावर उडत नाही आणि ओल्या ड्रमला जाऊन लेपासारखं चिकटतही नाही. ड्रममध्ये थोडं पाणी आधीच फिरत असावं, चौथा हिस्सा वगैरे, बाकीचं मालाबरोबर. सकाळची पहिली बॅच असेल तर थोडं सिमेंट जास्त घालावं, कारण कोरडा ड्रम आणि ब्लेड पहिल्या बॅचमधला बराचसा सिमेंटचा लगदा स्वतःच पिऊन घेतात आणि तुम्हाला मिळते ती खडबडीत खडी. ही पहिली बॅच आपल्याकडे नेमकी कुठे जाते? कॉलमच्या तळाला, नाहीतर बीममध्ये. कारण सुरुवात तिथूनच असते.

पाण्यावर तर वेगळं पत्र लिहावं लागेल. एम-२० च्या ठराविक प्रमाणाच्या काँक्रीटला एका गोणीला जास्तीत जास्त ३० लिटर पाणी, हे त्याच आयएस ४५६ मध्ये आहे. साइटवर ड्रमच्या तोंडाशी पाइप सोडलेला असतो आणि तो धरून उभा असलेला मुलगा डोळ्यांनी ठरवतो. कंपनीने मिक्सरवर मापाची टाकी दिलेली असली तर ती पहिल्या वर्षीच निखळते आणि मग माझ्या वर्कशॉपच्या मागे पडून राहते. बालदीने मोजून पाणी घाला, दोन बालद्या भरून ठेवा, एवढं तरी कोणाला जमू नये? आणि रेती ओली असेल तर तेही पाणीच आहे. एका गोणीला लागणारी रेती ८० किलोच्या आसपास, तिच्यात पाच टक्के ओल असेल तर चार लिटर पाणी तुम्ही न मोजताच ड्रममध्ये टाकलं. शिवाय ओली रेती फुगते, पाच टक्क्यांच्या आसपास ओल असताना वीस-तीस टक्के फुगलेली सहज दिसते, म्हणजे पाटीने मापलेली रेती प्रत्यक्षात कमी भरते. वळवाचा पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी स्लॅब असला की हे हमखास होतं. क्रश सँडला शिव्या घालणाऱ्यांनाही एक सांगतो, तिच्यात बारीक भुकटी जास्त असली की ती पाणी जास्त मागते, काँक्रीट घट्ट वाटतं, मग पाइप आणखी सोडतात. दोष सँडचा की पाइपचा? आणि नदीची रेती म्हणजे सोनं असंही नाही. आपल्या मांडवी, शापोरा, तेरेखोलला भरती किती आतपर्यंत येते ते सगळ्यांना ठाऊक आहे, खाऱ्या पाण्यातली रेती न धुता वापरली तर मीठ थेट सळीपर्यंत जातं. सळीच्या काँक्रीटमध्ये क्लोराइड, म्हणजे मिठातला गंज आणणारा भाग, घनमीटरला ०.६ किलोच्या वर नको असा नियम आहे.

आपण समुद्राजवळ राहतो हे घर बांधताना लोक विसरतात. किनाऱ्याला उघड्यावर असलेल्या आरसीसीला म्हणजे सळीच्या काँक्रीटला किमान एम-३० हवं असं मानक सांगतं, पाणी आणि सिमेंटचं प्रमाण ०.४५ च्या आत, म्हणजे गोणीला साडेबावीस लिटर. आणि १ : १.५ : ३ असं पाटीच्या मापाने केलेलं काँक्रीट एम-२० पर्यंतच चालतं, त्याच्यावरच्या ग्रेडला डिझाइन करून वजनाने मोजून घ्यावं लागतं. कळंगुट, हरमल, पाळोळे इथे खाऱ्या वाऱ्यात उभी राहणारी घरं आणि गेस्ट हाऊस सगळी असं करतात का, हे ज्याचं त्याला माहीत. १९८६ साली ५ जुलैला मांडवीवरचा पूल कोसळला तेव्हा आमची पिढी फेरीबोटीच्या रांगेत उभी राहिलेली, तेव्हा गंज हा शब्द घराघरात झालेला. त्याचा मिक्सरशी संबंध होता असं मी मुळीच म्हणत नाही. पण खारी हवा लोखंडाला सोडत नाही आणि लोखंडाला वाचवणारा असतो तो बाहेरचा काँक्रीटचा थर, तो थर नीट न कालवलेला, पाण्याने पातळ केलेला, ठिकठिकाणी नुसती खडी उघडी असलेला असेल तर सळी किती वर्षं टिकणार?

गळतीचं म्हणाल तर मिक्सरमुळे अजून एका रस्त्याने गळती येते. स्लॅब अर्धा झाला आणि मिक्सर बंद पडला. बेल्ट तुटला, डिझेल संपलं, हॉपरचा रोप अडकला. मे महिन्याचं ऊन, टाकलेलं काँक्रीट तास-दीड तासात कडक व्हायला लागतं, मिक्सर सुरू झाल्यावर त्याला खेटून नवीन टाकतात आणि वरून सारखं करतात. दिसायला एक, आतून जोड. गळती एका सरळ रेघेत असेल तर तो बहुतेक असलाच जोड, आणि इकडे-तिकडे ठिपक्यांसारखी असेल तर तिथे काँक्रीट पोकळ राहिलंय, दोष मिक्सिंगचा नाहीतर व्हायब्रेटर नीट न फिरवल्याचा. म्हणून स्लॅबच्या आदल्या दिवशी मिक्सर अर्धा तास चालवून बघा, जास्तीचे बेल्ट आणून ठेवा, ओळखीत कोणाचा दुसरा मिक्सर असेल तर त्याला सांगून ठेवा. वर छत घालून पूजा करता, नारळ फोडता, भटजींची वेळ पाळता, मग बेल्टचे पैसे कुठे जड होतात.

आता लोक म्हणतील कशाला हे सगळं, सरळ रेडीमिक्स म्हणजे प्लांटवरून गाडीने तयार येणारं काँक्रीट मागवा. चांगलंच आहे, परवडत असेल आणि गाडी दारापर्यंत येत असेल तर जरूर मागवा. पण सत्तरीतल्या वाड्यांवर नाहीतर जुन्या फोंड्याच्या बोळांत ती गाडी वळणार कुठे? एका गाडीत सहा घनमीटर काँक्रीट धरलं तर नुसता माल चौदा टनांच्या वर, गाडी वेगळी, आपल्या ओहोळावरच्या मोऱ्या त्यासाठी बांधलेल्या नाहीत. आणि त्या गाडीवरचा ड्रमही जादूचा नाही. त्याच्या आत दोन लांब ब्लेड स्क्रूसारखे गुंडाळत गेलेले असतात, ड्रम मागे तोंड करून तिरपा बसवलेला, एका दिशेला फिरला की ब्लेड माल खाली तळाकडे ढकलतात, उलटा फिरवला की तेच ब्लेड माल वर चढवून मागून बाहेर काढतात. म्हणून त्याला ड्रम वाकवावा लागत नाही. फिरवायला ट्रकच्या इंजिनवर हायड्रॉलिक पंप, पुढे मोटर आणि गिअरबॉक्स. रस्त्यावर तो मिनिटाला दोन ते सहा फेऱ्या एवढाच फिरतो, माल बसू नये म्हणून. अमेरिकेतल्या स्टीफन स्टेपानियन नावाच्या माणसाने अशा गाडीच्या पेटंटसाठी १९१६ साली अर्ज केला तर तो नाकारला गेला, म्हणे एवढं वजन ट्रक पेलणार नाही. पेटंट मिळालं १९२८ मध्ये. आज पर्वरीच्या ट्रॅफिकमध्ये आपण त्याच गाडीच्या मागे हॉर्न मारत उभे असतो.

आणि तिथेच खरी गोम आहे. माल गाडीत भरल्यापासून दोन तासांत उतरवायचा असा रेडीमिक्सचा नियम. ट्रॅफिकमध्ये वेळ गेला, उन्हाने माल घट्ट झाला, साइटवर पंपवाला कटकट करतो, मग ड्रायव्हर गाडीवरच्या टाकीचं पाणी ड्रममध्ये सोडतो आणि ड्रम जोरात फिरवतो. ते पाणी आहे ड्रम धुवायला. प्लांटवरून मोजून आलेलं सगळं तिथे दोन मिनिटांत वाया. घरमालक बघत असतो, त्याला वाटतं बरं झालं, माल छान वाहतोय. घट्ट झालेला माल सारखा करायचं केमिकल असतं, ते प्लांटच्या माणसाने घालायचं आणि ड्रम पूर्ण स्पीडवर काही मिनिटं फिरवून मग उतरवायचं. चलनावर गाडी भरल्याची वेळ लिहिलेली असते, ती वाचा, आणि पाण्याचा कॉक उघडताना दिसला तर थांबवा, लाजू नका, पैसे तुमचे आहेत. ताकद तपासायला काँक्रीटचे क्यूब म्हणजे ठोकळेही भरून घ्या. १०० चौरस मीटरच्या साध्या घराच्या स्लॅबला बारा-तेरा घनमीटर लागतं, त्याला मानकाप्रमाणे दोन नमुने म्हणजे सहा क्यूब होतात, फार नाही.

एक गोष्ट राहिली, आणि ती स्लॅबच्या आधी यायला पाहिजे होती. मिक्सरची जी मोठी दातेरी रिंग ड्रमभोवती असते तिच्यावर आणि तिला फिरवणाऱ्या लहान दातेरी चाकावर, पिनियनवर, झाकण असतं. दुरुस्तीत काढलेलं ते झाकण परत बसवलेलं मी क्वचितच बघतो. मिक्सरजवळ घमेली उचलणाऱ्या बायका असतात, साडीचा पदर असतो, डोक्यावरचा टॉवेल असतो. आणि हॉपर वर असताना त्याच्या खाली वाकून सांडलेली खडी ओढायची ही तर सगळीकडची सवय. तो हॉपर एका वायर रोपवर आणि एका ब्रेकवर लटकलेला असतो. रोपचे तार तुटून बाहेर आले असतील, हाताला टोचत असतील, तर त्या दिवशी काम नाही, नवीन रोप घाला. हॉपर वर अडकवायला हूक किंवा खिळ असते, ती बहुतेक मिक्सरवर गंजून बसलेली. माझ्याकडे मिक्सर आला की मी ती विचारल्याशिवाय मोकळी करून देतो, बिलात धरत नाही.

सार्वजनिक बांधकाम खातं आणि पंचायतींना माझी विनंती एवढीच. गटार, संरक्षक भिंत, सभागृह, स्मशानभूमीची शेड, अशा लहान कामांवर रेडीमिक्स जात नाही, तिथे हेच भाड्याचे मिक्सर जातात. वर्क ऑर्डरमध्ये सिमेंटचा ग्रेड लिहिता, सळीचा लिहिता, तिथेच दोन ओळी वाढवा, की पहिली बॅच पडायच्या आधी ज्युनियर इंजिनियरने ड्रमच्या आतले ब्लेड बघायचे, भरलेल्या ड्रमच्या फेऱ्या मोजायच्या, रिंगचं झाकण आणि हॉपरचा रोप बघायचा आणि मोबाईलवर आतला फोटो काढून फाइलला लावायचा. दहा मिनिटांचं काम. आणि मिक्सर भाड्याने देणाऱ्यांनी, त्यात माझे मित्र बरेच आहेत ते रागावतील, ब्लेड बदलायचा खर्च रंगाच्या खर्चाबरोबर धरावा. ब्लेडचे पत्रे महाग नसतात, आतलं दगड झालेलं काँक्रीट फोडायला जो वेळ जातो त्याचीच मजुरी जास्त होते, आणि ते रोज धुतलं असतं तर तीही लागली नसती. चतुर्थीनंतर आणा, मोसम सुरू व्हायच्या आत, तेव्हा माझ्याकडे जागाही असते आणि वेळही.

आपला,
एक मिक्सर दुरुस्तीवाला वाचक,
डिचोली